वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतरचं खाणं-पिणं आणि रोजचं जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन करावं की नाही, कोणाला करता येतं, खर्च किती, हे प्रश्न इथे घेतलेले नाहीत. ऑपरेशन झालंय, घरी आलोय, आता ताटात काय वाढून घ्यायचं, असं विचारणाऱ्यांसाठी हे पान आहे. मी आहारतज्ज्ञ आहे. मुंबईतल्या पेशंट्सकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. तुमचं पोट त्यांनी आतून पाहिलंय.

१. स्लीव्ह झालंय की बायपास, याने खाण्यात काय फरक पडतो?

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि आतड्याचे जोड दोनऐवजी एकच असतो. पहिले दोन महिने दोन्हींचं खाणं जवळपास सारखंच. पुढे स्लीव्हवाल्यांना ॲसिडिटीचा त्रास जास्त दिसतो. बायपासवाल्यांमध्ये लोह, कॅल्शियम, बी-१२ कमी शोषलं जातं आणि गोड खाल्ल्यावर त्रास होतो (प्रश्न १० आणि १३).

२. घरी आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत नेमकं काय खायचं?

हॉस्पिटलागणिक वेळापत्रकात थोडा फरक असतो, पण क्रम हाच. पहिले एक-दोन दिवस फक्त निवळ पातळ पदार्थ: पाणी, नारळपाणी, गाळलेलं चिकन सूप, वरणाचं वरचं पाणी. मग साधारण दोन आठवडे दूध, ताक, गाळलेलं मूगडाळीचं पातळ वरण, बिनतिखटाचं टोमॅटोचं सार. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं: घट्ट वरण, दुधी किंवा लाल भोपळा, दह्यात कुस्करलेलं पनीर, मऊ अंडं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात काट्याने सहज मोडेल असं काहीही: भुर्जी, पिठलं, मुगाची मऊ खिचडी, वाफवलेला मासा. त्यानंतर हळूहळू घरातलं नेहमीचं जेवण. तिखट सगळ्यात शेवटी, चिमटी-चिमटीने.

इथे घराघरांत एक गोष्ट हमखास होते. आजारी माणसाला पेज द्यायची हा आपला रिवाज, म्हणून दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ भाताची पेजच चालते. पेज पचायला हलकी हे खरं, पण तिच्यात प्रोटीन जवळपास नाही, आणि आत्ता टाके भरून येण्यासाठी आणि स्नायू टिकवण्यासाठी तेच हवंय. पेज करायचीच तर मुगाची डाळ तांदळापेक्षा जास्त घाला, किंवा पेजेऐवजी डाळीचं कढणच द्या.

पुढच्या टप्प्यावर उडी मारू नका. दहाव्या दिवशी 'एकच इडली' खाऊन रात्रभर ओकाऱ्या काढणारे दर महिन्याला भेटतात.

३. एका वेळी किती खायचं? पोट भरलंय हे कळणार कसं? पूर्वीसारखं वाटतच नाही.

सुरुवातीला दोन-तीन चमचे, दोन महिन्यांनी अर्धी वाटी, वर्षभरात साधारण एक वाटीभर. घास नखाएवढा घ्या, पूर्ण पातळ होईपर्यंत चावा आणि वीस-पंचवीस मिनिटं लावून खा.

पोट भरल्याची जुनी तृप्तीची भावना आता येत नाही, हे बरोबर. तिच्याऐवजी बारीक खुणा असतात: छातीच्या मधोमध दाब, अचानक नाक वाहणं, उचकी, एखादी शिंक. प्रत्येकाची खूण वेगळी. आपली ओळखा आणि ती आली की हातातला घास खाली ठेवा, तोंडात घालू नका. त्या खुणेनंतरचा एक घास उलटी आणतो. ताटात टाकायचं नाही या संस्काराचा इथे फार त्रास होतो. म्हणून मुळात वाढूनच कमी घ्या. ताटाऐवजी बशी वापरा.

४. जेवताना पाणी का प्यायचं नाही? आणि मग दिवसभराचं पाणी पुरं कसं करायचं?

जागाच इतकी कमी की पाण्याने भरली तर अन्नाला उरत नाही. शिवाय पाण्यासोबत अन्न लवकर पुढे सरकतं आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबा, मग प्या.

दिवसाला दीड ते दोन लिटर हवं आणि ते घोटाघोटाने. एकदम पेलाभर पाणी जाणारच नाही. मे महिना आणि ऑक्टोबरचा उकाडा यात मुंबईत घाम इतका जातो की पाणी कमी पडून चक्कर येणं, लघवी गडद होणं, हे पहिल्या काही महिन्यांत सर्रास दिसतं. ताक, बिनसाखरेचं कोकम पाणी, लिंबूपाणी, पातळ सूप हे सगळं त्या हिशेबात धरा. उसाचा रस आणि सोडा धरू नका. पहिला साखरेमुळे, दुसरा गॅसमुळे.

५. आम्ही शाकाहारी. रोज ६० ग्रॅम प्रोटीन कुठून आणायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. गरज साधारण ६० ते ८० ग्रॅमची असते आणि ती एक वाटी वरणाने भागत नाही. वरण घट्ट असलं तरी वाटीत पाच-सहा ग्रॅमच. आपलं वरण म्हणजे बरंचसं पाणी. हिशेब असा धरा: २०० मिली दूध ६ ते ७ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर साधारण १८, ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स १५, ३० ग्रॅम मूगडाळीचं धिरडं ७, १०० ग्रॅम दही साडेतीनच्या आसपास.

आता दिवस मांडून बघा. सकाळी पेलाभर दुधात दोन चमचे स्किम्ड दुधाची पावडर (१२). दहाला ५० ग्रॅम पनीर (९). दुपारी घट्ट वरण आणि वाटीभर दही, दोन्ही मिळून नऊ. चारच्या सुमारास सोयाचा खिमा (१५). संध्याकाळी मुगाचं धिरडं (७). रात्री पुन्हा पनीर किंवा टोफू (९). झाले एकसष्ट, आणि एकही वेळ चुकली तर साठाच्या खाली. हे सगळं नेहमीचं खाणं सुरू झाल्यावरचं. त्याआधी पोटात एवढं मावत नाही, तेव्हा प्रोटीन पावडर घ्यायलाच हवी. पुढे ती गरज म्हणून घ्या, सवय म्हणून नको. डब्यावर एका स्कूपमागे प्रोटीन किती आणि साखर किती, एवढं वाचा. पुढचं चित्र पाहून महागडे डबे घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

ताटातला क्रमही बदला: आधी डाळ-उसळ-पनीर, मग भाजी, जागा उरलीच तर भात किंवा पोळी.

६. मासे कधीपासून? आणि कोणते?

पाचव्या आठवड्यापासून, बहुतेक सर्जन हरकत घेत नाहीत. मऊपणात ओल्या बोंबलाचा हात धरणारा मासा नाही. हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून वाफवला तर जिभेने मोडतो. मात्र त्यात पाणी खूप, म्हणून प्रोटीन सुरमई-रावसापेक्षा कमी. पापलेट, रावस, सुरमईचा काटा काढलेला तुकडा पातळ कालवणात चालेल. कालवणात नारळ बेताचा. मांदेलीसारखे बारीक काट्यांचे मासे आणि रव्यात खरपूस तळलेलं काहीही अजून नको. रव्याचं कडक कवच अडकतं. कोलंबी जास्त शिजली की रबरासारखी होते, ती दोन महिन्यांनंतर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात बर्फातला महाग आणि शिळा मासा आणण्यापेक्षा अंडी बरी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन असतं.

७. सूप-वरण जातं, पण पोळीचा घास छातीत अडकतो. काही बिघडलंय का?

बहुतेक वेळा नाही. पोळी, चिकट भात आणि पाव यांचा आत गोळा होतो. लादीपाव सगळ्यात वाईट, म्हणून वडापाव खावासा वाटलाच तर दोन-तीन महिन्यांनी नुसता वडा, तोही अर्धा. पोळीऐवजी आधी ज्वारीची पातळ भाकरी आमटीत कुस्करून बघा. बऱ्याच जणांना ती सोपी जाते. मात्र पाणीसुद्धा अडकत असेल, किंवा आधी जात असलेले पदार्थ जाईनासे झाले असतील, तर नळी अरुंद झाली असू शकते. मग सर्जनला दाखवा, घरगुती उपाय नकोत.

८. चहा सोडवत नाही. कटिंग चालेल?

महिनाभरानंतर, कमी साखरेचा, दिवसातून एक-दोनदा चालेल. दोन अटी: चहा आणि लोहाची गोळी यांत किमान तासाभराचं अंतर, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. आणि चहासोबत बिस्किट किंवा खारी नको. ती चावली की विरघळते, पोट भरल्याचं कळत नाही आणि कॅलरी मात्र जातात.

९. ऑफिसला कधी जायचं? लोकलची गर्दी, डबा, घरी यायला नऊ. हे सगळं जमवायचं कसं?

बसून काम असेल तर साधारण दोन-तीन आठवड्यांनी, अंगमेहनतीचं असेल तर चार ते सहा आठवड्यांनी. सहा आठवडे जड उचलणं टाळा. यात पाण्याची भरलेली बादली आणि गॅस सिलिंडर दोन्ही आले. जिना चढायला हरकत नाही, चाळीतल्या तीन मजल्यांनीही काही होत नाही. त्रास गर्दीचा. सकाळच्या विरार फास्टमध्ये कुणाचं कोपर पोटात बसेल सांगता येत नाही. शक्य असेल तर पहिला महिना वेळ बदलून मागा, नाहीतर स्लो गाडी घ्या.

बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही. हे मला माहीत आहे. मग ऑफिसात पोचल्यापासून निघायच्या तासभर आधीपर्यंत टेबलावरच्या बाटलीतून दर पाच-दहा मिनिटांनी घोट घ्या आणि घरी आल्यावर उरलेलं पुरं करा.

डबा छोटा न्या. जुना तीन पुडांचा डबा नेला की कुणीतरी 'संपव ना' म्हणणारच. खरी गडबड होते ती संध्याकाळी: एकला जेवलात, नऊला घरी पोचलात, भूक अनावर झालेली, चपला काढता काढता उभ्याने चार घास घशाखाली घातलेत आणि पाचव्याला मोरीकडे धाव. साडेचार-पाचला ऑफिसात उकडलेलं अंडं, पनीरचे तुकडे किंवा (तीन महिन्यांनंतर) मूठभर फुटाणे चावून खा, म्हणजे हे टळतं. आणि रात्री जेवून लगेच आडवं होऊ नका. स्लीव्हवाल्यांना त्याने हमखास आंबट वर येतं. रोज नऊ वाजणार असतील तर मुख्य जेवण दुपारचं ठेवा आणि रात्री नुसतं सूप किंवा दूध.

१०. गणपतीत एक उकडीचा मोदक खाल्ला आणि घाम, धडधड, पोटात कळ, मग जुलाब. विषबाधा झाली का?

बायपास झालं असेल तर बहुधा डम्पिंग. साखर एकदम आतड्यात उतरते, तिच्यामागे पाणी ओढलं जातं आणि दहा ते तीस मिनिटांत हे सगळं होतं. थोडा वेळ आडवं पडलं की उतरतं. याचा दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: इन्सुलिन जास्त सुटून साखर घसरते, हात थरथरतात, डोकं हलकं होतं, भूक खवळते. तो वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा. स्लीव्हमध्येही डम्पिंग होऊ शकतं, प्रमाण कमी. श्रीखंड, आमरस, बासुंदी ही पातळ किंवा मऊ गोडं फसवी, कारण ती कुठेही न अडकता उतरतात. प्रसाद म्हणून मोदकाचा चमचाभर तुकडा, तोही जेवणानंतर, उपाशीपोटी नव्हे.

११. एकादशी, चतुर्थी, नवरात्र... उपवास करता येईल?

पहिले सहा महिने नको. पुढे खाण्याचा उपवास करता येतो, पण साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट, वर चिकट. त्याऐवजी दही, दूध, पनीर, राजगिरा आणि वरईसोबत शेंगदाण्याची आमटी. हरतालिकेसारखा निर्जळी उपवास कधीच नाही. दिवसभराचं पाणी रात्री एकदम पिऊन भरून काढण्याची सोय आता तुमच्या पोटात उरलेली नाही.

१२. चौथ्या महिन्यात केस हातात येतायत. टक्कल पडेल का?

नाही. वजन झपाट्याने उतरलं की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि पुढे काही महिन्यांत परत येतात. प्रोटीन आणि लोह पुरं करा. तेलं बदलून काही होत नाही, नुसत्या बायोटिनच्या गोळ्यांनीही नाही. वर्षानंतरही गळती चालूच असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), झिंक आणि थायरॉइड तपासा.

१३. पाच वर्षं झाली, रिपोर्ट नॉर्मल आहेत. गोळ्या बंद करू?

रिपोर्ट नॉर्मल आहेत ते गोळ्यांमुळे. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि गरजेनुसार लोह, हे आयुष्यभराचं. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम (जेवणातलं धरून) लागतं, सायट्रेट प्रकारचं चांगलं, आणि एका वेळी ५०० च्या आसपासच, कारण त्याहून जास्त एकदम घेतलेलं नीट शोषलं जात नाही. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा. रोजच्या दिनक्रमाला बांधून टाका: लोह सकाळी लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियम दुपारी आणि रात्री जेवणानंतर. लोहाने बद्धकोष्ठ होतं. त्यावर आधी पाणी वाढवा, मग डॉक्टरांना विचारून इसबगोल.

बी-१२ चा शरीरातला साठा बराच काळ पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते: तळपायाला मुंग्या, विसराळूपणा, तोल जाणं. शाकाहारी असाल तर आधीच साठा कमी असण्याची शक्यता. पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात रक्ततपासणी, मग दरवर्षी.

१४. डायबेटिस आणि बीपीच्या गोळ्या?

स्वतःहून बंद नको आणि जुन्या डोसमध्ये चालूही नको. साखर बऱ्याचदा वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. जुनंच इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू राहिलं तर साखर फार घसरते. घरी साखर आणि बीपी मोजून वहीत लिहा आणि डोस डॉक्टरांना ठरवू द्या. बायपासनंतर नावापुढे 'एसआर' किंवा 'एक्सआर' असलेल्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांबद्दल वेगळं विचारा. त्या पूर्ण शोषल्या न जाण्याची शक्यता असते.

१५. सासूबाई म्हणतात, 'चेहरा किती उतरलाय, एक पुरणपोळी खाल्लीस तर मरणार आहेस का?' लग्नकार्यात तर आग्रहच आग्रह. काय सांगू?

ज्यांना सांगायचं त्यांना ऑपरेशनचं सांगा. बाकीच्यांना 'पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी मना केलंय' एवढं बास. ते खरंही आहे. पंगतीत बसलात तर आग्रह होणारच. बुफे असेल तर हातात बशी घेऊन फिरत राहा, कुणी बघत नाही. घरातल्या आग्रहाचं निराळं आहे. सासूबाईंना वाढण्यातून माया दाखवायची असते, तर त्यांना काम द्या: 'आई, मला तुमच्या हातचं मुगाचं कढण हवंय.' शक्य असेल तर पुढच्या तपासणीला त्यांनाही सोबत आणा. सुनेने दहा वेळा सांगितलेलं पटत नाही, डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं पटतं. अन्याय आहे, पण उपयोगी आहे.

चेहरा मात्र खरंच उतरतो. कातडी सैल पडते, व्यायामाने थोडी सावरते. जादा कातडी काढायचा विचार वजन स्थिर झाल्यावर, साधारण दीड वर्षाने.

१६. दोन आठवडे काटा हलत नाहीये. ऑपरेशन फसलं?

नाही. असे थांबे येतातच, पहिला तर बऱ्याचदा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. रोज वजन करू नका, आठवड्यातून एकदा पुरे. दीड-दोन वर्षांनी वजन पुन्हा वाढायला लागलं तर आधी पातळ आणि कुरकुरीत कॅलरी शोधा: फरसाण, चिवडा, आइस्क्रीम, दुधाचा गोड चहा दिवसातून पाच वेळा. हे पदार्थ छोट्या पोटातूनही बिनबोभाट जातात.

१७. दारू? तंबाखू?

पहिलं वर्ष दारू नको. नंतरही आधीच्या निम्म्या प्रमाणात आधीपेक्षा जास्त आणि लवकर चढते, विशेषतः बायपासनंतर. गाडी चालवायची असेल तर एक पेगसुद्धा नाही. खाण्याची जागा दारूने घेतल्याचीही उदाहरणं आहेत, तसं वाटलं तर लाजू नका, बोला. सिगारेट, तंबाखू, मिश्री कायमची बंद. बायपासच्या जोडावर त्याने अल्सर होतो.

१८. डोकं-गुडघे दुखले तर नेहमीची गोळी चालेल?

पॅरासिटामॉल चालेल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांची मिश्रणं बायपासनंतर टाळायची, अल्सरच्याच भीतीने. स्लीव्हवाल्यांनीही विचारूनच. मेडिकलवाल्याला 'दुखण्यावर काहीतरी द्या' म्हणू नका, गोळीचं नाव सांगून मागा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मनाने थांबवू नका, विचारा.

१९. बाळाचा विचार कधी करायचा?

ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबा. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस लवकर राहतात, म्हणून त्या काळात गर्भनिरोधन काटेकोर हवं. बायपासनंतर नुसत्या तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांवर विसंबू नका, तांबी किंवा दुसऱ्या पर्यायाबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. दिवस राहिल्यावर डायबेटिससाठी ग्लुकोज प्यायला देऊन तपासणी करतात. बायपास झाल्याचं तिथे आधी सांगा. त्या ग्लुकोजने प्रश्न १० मधला त्रास होऊ शकतो, आणि ही तपासणी दुसऱ्या पद्धतीने करता येते.

२०. उलट्या, पोटदुखी: कधी घरी थांबायचं आणि कधी पळायचं?

घाईघाईने खाऊन झालेली एखादी उलटी घरीच निभते. काही तास पोटाला विश्रांती द्या, मग पाण्याचे घोट. पहिल्या महिन्यात ताप, पोटात वाढतं दुखणं, किंवा शांत बसूनही नाडी १२० च्या पुढे असेल तर रात्र असली तरी सर्जनला फोन करा, टाक्यांतून गळती असू शकते. पिंढरी सुजून दुखत असेल किंवा अचानक दम लागत असेल, तरी तेच.

दोन-तीन दिवस पोटात काहीच ठरत नसेल तर केवळ सलाइन लावून परत येऊ नका. सततच्या उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व (थायमिन) कमी होऊन नजर दुहेरी होते, तोल जातो, माणूस गोंधळतो, आणि हे नुकसान कायमचं राहू शकतं. ग्लुकोजच्या सलाइनआधी बी-१ द्यावं लागतं, हे तिथल्या डॉक्टरांना सांगा.

२१. चार वर्षं झाली, ठणठणीत आहे. आता पोटात दुखलं तर फॅमिली डॉक्टर पुरेत ना?

जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर पित्ताशयातले खडे असू शकतात. वजन झपाट्याने उतरताना ते होतात, सोनोग्राफीत दिसतात. पण बायपासनंतर कितीही वर्षांनी पोटात अचानक मुरडून कळा येत असतील, येऊन-जाऊन असल्या तरी, तर आतडं आतल्या आत अडकलेलं असू शकतं आणि साध्या सोनोग्राफीत ते नजरेतून निसटतं. गरोदरपणात तर अधिकच सावध. अशा वेळी 'गॅस असेल' म्हणून ओवा चघळत बसू नका. बॅरिॲट्रिक (वजन कमी करण्याची ऑपरेशन करणारे) सर्जन असलेल्या हॉस्पिटलात जा आणि कोणतं ऑपरेशन कधी झालं ते दारातच सांगा. तेवढ्यासाठी डिस्चार्ज कार्डाचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही.